आमच्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांना: चार पावलं माझ्याबरोबर चाला

प्रति,
आमच्या प्रभागाचे चारही नगरसेवक,
इंदिरानगर, नाशिक

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, मी मतदानाला चालत गेले. केंद्र आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मला पंचवीस मिनिटं लागली. वय सत्तरीला टेकलंय, गुडघा दुखतो, हे खरं. पण उशीर गुडघ्यामुळे झाला नाही. तीनदा फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागलं, आणि एकदा गाड्यांची रांग सरेपर्यंत विजेच्या डीपीजवळ अंग चोरून उभं राहावं लागलं. आत जाऊन अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबली आणि बाहेर येऊन बोटावरच्या शाईकडे बघत थोडा वेळ बाकावर बसले. मार्च २०२२ पासून शहरात नगरसेवक नव्हते. जवळजवळ चार वर्षांनी आपलं गाऱ्हाणं ऐकायला आपल्याच भागातलं कुणीतरी असणार, याचा मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला होता.

प्रचारात तुम्ही चौघेही आमच्या गल्लीत येऊन गेलात. तुमच्यातल्या एका ताईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं होतं, "मावशी, काय करू तुमच्यासाठी?" मागे ढोल वाजत होता, पुढच्या दाराशी लोक ताटं घेऊन थांबले होते. तेव्हा मला धड उत्तर सुचलं नाही. ते आज देते आहे. मागणं एकच आहे, पण नीट सांगायचं तर पत्र लांबणार.

आम्हाला चालता येईल असं करा.

आम्ही इथे १९८९ साली राहायला आलो. ह्यांची नोकरी अंबडच्या कारखान्यात, सायकलवर जायचे. घरामागे शेतं होती आणि गच्चीवर उभं राहिलं की पांडवलेणीचा डोंगर दिसायचा. शालिमारला, मेन रोडला जायचं म्हणजे "गावात" जायचं; आम्ही जुनी माणसं अजूनही "गावात जाऊन येते" असंच म्हणतो. बाकी सगळं पायी. दळण, दूध, पोरांची शाळा, गुरुवारची आरती. कुणाकडे पाळणा हलला, कुणाचे सासरे अंथरुणाला खिळले, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, हे सगळं दळणाच्या डब्याबरोबर घरी यायचं.

जुने दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. वसाहत वाढायचीच होती. बंगले पडले, इमारती आल्या, आणि त्यात राहायला आलेली कुटुंबं चांगली आहेत. गणपतीत त्यांचीच पोरं रात्री जागून मांडव घालतात. दुकानं आली, क्लासेस आले. रविवारी सकाळी मिसळीसाठी लोक नंबर लावून उभे असतात. मला ही वर्दळ आवडते. रात्री नऊ वाजताही बायका-पोरं रस्त्यावर दिसतात, म्हणून इथे एकटीने राहायची भीती वाटत नाही. पण या सगळ्या वाढीत पायी चालणारं माणूस रोज थोडं थोडं कडेला सरकलं, आणि आता सरकायला कड उरलेली नाही.

गेल्या श्रावणात मी पडले. भाजी घेऊन घरी येत होते. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, म्हणून रस्त्यावर उतरले. मागून जोरात हॉर्न वाजला, दचकून परत वर चढायला गेले तर पेव्हर ब्लॉक हलला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. मला उचलायला पहिली धावली ती कोपऱ्यावरची भाजीवाली. ती वडाळ्याहून येते. पहाटे मार्केट यार्डातून माल घेते आणि आठाच्या आत गाडी लावते. भर गिऱ्हाइकीची वेळ, पण गाडी तशीच सोडून ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. इस्त्रीवाल्याने तिची गाडी सांभाळली, भाजी विकून पैसे गल्ल्यात टाकले. संध्याकाळी ती माझी पिशवी घेऊन घरी आली, त्यात माझ्या मेथीच्या दोन्ही जुड्या, पाणी मारून ताज्या ठेवलेल्या. एवढं सविस्तर सांगते, कारण फुटपाथचा विषय निघाला की पहिलं बोट तिच्याकडेच दाखवलं जातं. त्याबद्दल पुढे लिहिते.

प्लॅस्टर निघाल्यावर मी आमच्या कोपऱ्यापासून भाजीच्या गाड्यांपर्यंत पावलं मोजली. एका बाजूने नऊशे दहा. त्यातली फुटपाथवरून सलग चालता आली ती दीडशेच्या आसपास. बाकीची रस्त्यावरून, वाहनांकडे पाठ करून. मग शिवणकामाची टेप घेऊन पुन्हा गेले. फुटपाथची उंची एका ठिकाणी सहा इंच, पुढे नऊ, आणि एका दुकानापुढे चक्क अकरा. अकरा इंच म्हणजे जिन्याच्या दीड पायरीएवढा चढ. माझ्या वयाच्या बाईने हातात पिशवी घेऊन तो एका दमात कसा चढायचा? भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत ही उंची १५० मिलीमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा, जास्त नसावी असं आहे. चालायची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या एकमेकींजवळून जाऊ शकतील. आमच्याकडे तेवढी रुंदी कागदावर असेलही, पण तिच्यात डीपी आहे, जाहिरातीचा खांब आहे, केबलचा गुंडाळा आहे, कुंड्या आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितलं की चालण्याजोगा पदपथ मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मी ती बातमी दोनदा वाचली. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी सोय मागते आहे.

आता भाजीवालीबद्दल. फुटपाथ मोकळे करा म्हटलं की महापालिकेची गाडी येते, हातगाड्या उचलते, चार दिवस रस्ता रिकामा दिसतो. फोटो निघतात. आणि पाचव्या दिवशी त्याच जागेवर मोटारी उभ्या राहतात. एक मोटार साधारण पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागा दिवसभर अडवते. भाजीची गाडी त्याच्या चौथाईतही मावते, आणि तिच्यापाशी दिवसातून शेकडो माणसं थांबतात, बोलतात, पोट भरायचं सामान घेतात. मग आधी कोणाला हलवायचं? माझं उत्तर ठाम आहे. मोटारी आधी. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ सालचा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत असं आहे, विक्री क्षेत्रं ठरवायची पद्धत आहे. तुमच्या हातात एक कायदा तयार आहे. रस्त्याची एक बाजू आखून द्या, गाडीमागे चालायची पट्टी मोकळी ठेवा, एक नळ आणि एक स्वच्छतागृह द्या. वडाळा, पाथर्डी, वडनेरकडून येणाऱ्या या बायका कुठे जात असतील दिवसभर, हे आपण कधी विचारलंय? मी विचारलं. ती म्हणाली, "आजी, सकाळी पाणीच पीत नाही."

ते ऐकल्यापासून मी तिच्याकडे घासाघीस केलेली नाही.

आमचीही चूक आहे, ती लपवत नाही. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक फाटकापुढे गाडी आत घ्यायला सिमेंटचा उतार आहे, आणि तो फुटपाथ कापत थेट रस्त्यावर आलाय. आमच्याही दारात आहे. मुलाने गाडी घेतली तेव्हा केला. त्याच्या शेजारी मी हौसेने तगर आणि जास्वंद लावली, भोवती विटांची कड बांधली. ती कड फुटपाथवर आहे. मी ती काढून घेते, उतारही फाटकाच्या आत घेते, मुलाशी बोलून झालंय. पण मी एकटीने काढल्याने फुटपाथ सलग होणार नाही. तुम्ही चौघे घरोघर येऊन सांगितलंत तर लोक ऐकतील. नोटिशीने जे होत नाही ते दारात उभं राहून सांगितल्याने होतं, हे तुम्ही प्रचारात अनुभवलं आहेच.

आणि झाडं. फुटपाथ करायचा म्हणून एकही झाड तोडू नका. गुलमोहर, कडुनिंब, बदाम वसाहत नवी असताना लोकांनी बादलीने पाणी घालून जगवले आहेत. वैशाखात ती सावली नसेल तर कितीही चांगल्या फरशा घातल्या तरी दुपारी कुणी चालणार नाही. फरशी बुंध्याभोवतीने वळवता येते, आळं मोकळं ठेवता येतं. तपोवनातली झाडं वाचवायला गेल्या वर्षाअखेरीस किती नाशिककर घराबाहेर पडले हे सगळ्यांनी पाहिलं. इथेही बाहेर पडतील. पण तशी वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

आता बोगदा. इंदिरानगरचा महामार्गाखालचा बोगदा म्हटलं की अख्ख्या नाशिकला कोंडी आठवते, आणि चर्चा होते ती वाहनं किती वेळ अडकतात याची. पायी जाणारं माणूस त्यातून कसं जातं, याबद्दल मी कधी काही वाचलं नाही. माझी मैत्रीण पलीकडे गोविंदनगरला राहते. पस्तीस वर्षांची मैत्री. आमची भिशी दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी असते. एकदा ती यायची, एकदा मी जायचे. मध्ये महामार्ग, त्याच्या दोन्ही अंगांना सर्व्हिस रोड, आणि बोगद्याच्या तोंडाशी चारही बाजूंनी येणाऱ्या गाड्या. रस्ता ओलांडायला रस्ते बांधणारे लोक सेकंदाला सुमारे सव्वा मीटर असा चालण्याचा वेग धरतात. तो तरण्या पायांचा वेग आहे. आम्ही दोघी त्याहून बऱ्याच हळू चालतो. मागच्या वर्षी ती अर्ध्यात अडकली, दोन्हीकडून गाड्या, आणि तिच्या पायातलं बळच गेलं. एका कॉलेजच्या पोराने हात धरून तिला कडेला आणलं. त्यानंतर ती आली नाही. रिक्षा वळसा घालून येते, भाडं दोन्ही वेळचं पडतं, आणि दर वेळी मुलाला कामातून उठवणं तिला नको वाटतं. आता आम्ही फोनवर बोलतो. ती सरळ रेषेत एक किलोमीटरवरही राहत नाही.

बोगद्याचं रुंदीकरण हे मोठं काम आहे आणि ते एकट्या तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. पण पट्टे रंगवणं, मध्ये थांबायला सुरक्षित जागा करणं, सर्व्हिस रोडवर जिथे माणसं ओलांडतात तिथेच रस्ता उंच करून वाहनांचा वेग कमी करणं, शाळा सुटायच्या वेळी दोन माणसं उभी करणं, यासाठी तुम्ही आग्रह धरू शकता. माझा नातू दुसरीत आहे. शाळा घरापासून आठशे पावलं. तो रिक्षातून जातो, कारण त्याला पायी पाठवायची त्याच्या आईची हिंमत होत नाही, आणि मी सोडायला जाते म्हटलं तर माझ्याच जिवाची तिला काळजी. म्हणजे आठशे पावलांसाठी एक रिक्षा. अशा पन्नास रिक्षा आणि शंभर स्कूटर शाळेपुढे आल्या की तिथून चालत जाणं आणखी अवघड होतं, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक आई मुलाला स्कूटरवर बसवते.

कुणी म्हणेल, सिंहस्थ तोंडावर आलाय, मोठी कामं आधी. मला उलट वाटतं. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्या दिवशी भाविक नाशिकला कसे येतील? शेवटचे कित्येक किलोमीटर चालत. २०१५ च्या पर्वणीला वाहनं लांब अडवली होती आणि डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं मैलोन् मैल चालत रामकुंडाकडे जात होती, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. या शहराचा सगळ्यात मोठा सोहळा पायी चालणाऱ्यांचा आहे. दरवर्षी पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. यंदा ती मतदानाच्या आदल्याच दिवशी आली. आधीचे काही दिवस नाशिकमधून दिंड्या जात होत्या. माझ्या वयाच्या बायका, डोक्यावर तुळस, पायात साधी चप्पल. रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या शेजारून. आपण त्यांना चहा देतो, बिस्किटं देतो, पाया पडतो. पाय टेकायला धड जागाही द्यायला हवी.

सिटीलिंकच्या बसबद्दलही तेच. जुलै २०२१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मला फार बरं वाटलं, आणि मी अजूनही गावात बसनेच जाते. पण बस दारात येत नाही. थांब्यापर्यंत आधी चालावंच लागतं.

बाकी गाऱ्हाणी तुमच्याकडे येतीलच: घंटागाडीची वेळ, रात्री भुंकणारी कुत्री, उद्यानातले बंद दिवे, नंदिनी नदीची दुर्गंधी. सगळी खरी आहेत. मी त्यांत भर घालत नाही. अभ्यासिकेचं मात्र बघा, पोरं जिन्यात बसून वाचतात.

माझं मागणं मोजूनमापून आहे. अख्ख्या प्रभागाचा आराखडा मी मागत नाही. एक किलोमीटर द्या. शाळा, भाजीच्या गाड्या, दवाखाना, उद्यान आणि बसथांबा जोडणारा एकच रस्ता निवडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी सलग, एका उंचीचा, अडथळा नसलेला फुटपाथ करा. चाकाची खुर्ची जाईल, बाळाची गाडी जाईल, माझी मैत्रीण जाईल असा. तोरणद्वार, चौकातली शिल्पं, सेल्फीच्या जागा नंतर. त्या सुंदर असतात, पण तिथपर्यंत आम्हाला पोचता यायला हवं.

तुम्ही चौघे आहात आणि कदाचित चौघांचं एकमेकांशी सगळ्या बाबतीत जमणारही नाही. आम्हा मतदारांना भीती असते ती हीच. एकाकडे गेलं की तो म्हणतो हे अमक्यांकडे, त्यांच्याकडे गेलं की ते म्हणतात तमक्यांकडे, आणि चौघांचं काम शेवटी कुणाचंच राहत नाही. म्हणून हे पत्र मी चौघांच्या नावे एकत्र लिहिलं आहे. उत्तरही एकत्र द्या. आणि क्षेत्रसभा घ्या. लोकांनी बसून आपल्या भागातली कामं सुचवावीत यासाठी २००९ सालीच महाराष्ट्राच्या कायद्यात तिची तरतूद झाली आहे. आमच्याकडे मी तरी अजून एकही सभा पाहिलेली नाही. सभागृह नसलं तरी चालेल, आमच्या गल्लीत मारुतीच्या पारावर सतरंजी टाकू. त्या सभेला भाजीवालीला बोलवा, रिक्षावाल्यांना बोलवा, शाळेतल्या मुलांनाही बोलवा. मुलं जास्त बघतात. माझ्या नातवाने मला सांगितलं की शाळेच्या वाटेवर सात ठिकाणी फुटपाथ "संपतो आणि परत उगवतो".

त्याआधी एक करा. येत्या शनिवारी सकाळी साडेसातला मी रथचक्र चौकात थांबते. गाड्या लांब लावून या, सोबत कार्यकर्ते आणू नका, हार-तुरे नकोत. शक्य असेल तर प्रत्येकाने घरातलं एक म्हातारं माणूस किंवा एक लहान मूल बरोबर आणा. तिथून भाजीच्या गाड्यांपर्यंत जाऊ, मग शाळेवरून वळून बोगद्यापर्यंत. गोविंदनगरच्या बाजूला माझी मैत्रीण उभी राहणार आहे, तसं ठरलंय आमचं. तिला अलीकडे घेऊन येऊ आणि माझ्या घरी चहा घेऊ.

मला हळू चालावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवून या.

आपली,
इंदिरानगरची एक जुनी रहिवासी